टपरीवरची दुरुस्ती

पुण्यात कॉपिअर दुरुस्त करायची नोकरी मी ७ वर्षं केली. सकाळी ऑफिसखालच्या टपरीवर आम्ही पाच-सहा जण कटिंग घेत उभे असायचो. पावसाळ्यात कुठलं मशीन कागद अडकवतं, कुठल्या एरर कोडवर विश्वास ठेवायचा नाही, हे सगळं तिथेच कळायचं. साहेबांच्या लेखी तो वाया गेलेला अर्धा तास होता.

पुढे ज्युलियन ऑर यांच्या अभ्यासाबद्दल वाचलं, तेव्हा आपलीच टपरी पुस्तकात भेटल्यासारखं वाटलं. ऑर आधी तंत्रज्ञ होते, मग मानववंशशास्त्राकडे वळले. १९८०च्या दशकात ते अमेरिकेत झेरॉक्स कंपनीच्या तंत्रज्ञांबरोबर हिंडले. अमुक कोड आला तर तमुक भाग तपासा, असं सांगणारी मॅन्युअलं कंपनीने दिली होती. पण मशीन काही मॅन्युअल वाचून बिघडत नाही. अडलेलं काम तंत्रज्ञ एकमेकांना जुने किस्से सांगत सोडवतात, आणि ते किस्से खाण्यापिण्याच्या गप्पांमधून फिरत राहतात, हे ऑर यांनी टिपलं. १९९६ साली त्यांचं पुस्तक आलं.

त्याच दशकात झेरॉक्सने ‘युरेका’ नावाची प्रणाली उभी केली. तंत्रज्ञांनी आपापल्या युक्त्या लिहायच्या, जाणत्या सहकाऱ्यांनी त्या तपासायच्या, मग त्या सगळ्यांना खुल्या. युक्तीबरोबर सांगणाऱ्याचं नाव असायचं आणि चार सहकाऱ्यांत मिळणारा मान हीच कमाई. फेसबुक २००४चं, म्हणजे ही गोष्ट त्याच्याही आधीची.

आमच्याकडेही काही वर्षांनी ऑफिसचा चॅट ग्रुप आला. साहेब त्यात होतेच. पहिल्याच आठवड्यात एका सहकाऱ्याने लिहिलं, ‘काल मी उगाच बोर्ड बदलला. खरं तर आतली वायर सैल होती.’ दुसऱ्या दिवशी त्याच्याकडून लेखी खुलासा मागवला गेला. त्यानंतर त्या ग्रुपवर वाढदिवसाच्या शुभेच्छा तेवढ्या उरल्या. चुका पुन्हा टपरीवर गेल्या.

साधन दोन्हीकडे जवळपास तेच होतं. फरक इतकाच, की तिथे वाचणारे बरोबरीचे होते आणि इथे पगारवाढ ठरवणारे.

महिनाभराने तसाच कोड माझ्यासमोर आला. नवा बोर्ड पिशवीत होता. मी आधी वायर दाबून पाहिली. मशीन सुरू झालं. ग्रुपवर मी काहीच लिहिलं नाही.