अमेरिकेंतील ‘पे-पर-व्ह्यू’ कुस्त्या : साधनें व त्यांची चिकित्सा

(१) शके १०५१ च्या सुमारास कल्याणीच्या चालुक्यवंशांतील तिसऱ्या सोमेश्वरानें ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ रचला. त्यांत मल्लयुद्धाचें एक प्रकरण असून ज्येष्ठिक, अंतर्ज्येष्ठिक व गोवल असे मल्लांचे वर्ग सांगितले आहेत. परंतु हें प्रकरण ग्रंथकारानें सैन्य किंवा दुर्ग यांच्या विवेचनांत न घालतां विनोदांच्या विंशतींत, ‘मल्लविनोद’ या नांवानें घातलें आहे. मल्लांची झुंज ही राजाच्या मनोरंजनाची एक बाब, असें हें वर्गीकरण आहे. ह्यानंतर साडेआठशें वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर, फेब्रुवारी १९८९ मध्यें, अमेरिकेंतील न्यू जर्सी राज्याच्या सिनेटपुढें वर्ल्ड रेसलिंग फेडरेशन ह्या कुस्ती-कंपनीनें नेमका हाच वर्ग आपण होऊन मागून घेतला. आमच्या कुस्त्या ही खरीखुरी स्पर्धा नसून प्रेक्षकांची करमणूक आहे, सबब स्पर्धात्मक खेळांवर देखरेख करणाऱ्या सरकारी मंडळाचे नियम व कर आम्हांस लागू करूं नयेत, अशी तिची मागणी होती. ज्या गोष्टीचा इन्कार धंद्यांतील लोकांनीं पिढ्यान्‌पिढ्या शपथेवर केला, ती कर चुकविण्यासाठीं सरकारदरबारीं लेखनिविष्ट झाली.

आपल्याकडे अशा कुस्तीस नुरा कुस्ती म्हणतात, आणि कोल्हापूरच्या खासबागेंत निकाली कुस्त्या पाहिलेला मनुष्य हा शब्द तुच्छतेनेंच उच्चारतो. निकाल आधीं ठरलेला असेल तर इतिहासकारानें तेथें शोधावें तरी काय, असा प्रश्न वाचकांच्या मनांत येणें साहजिक आहे. माझें उत्तर असें : कोण जिंकला हा प्रश्न गळून पडला, कीं त्याच्या मागचे खरे ऐतिहासिक प्रश्न उघडे पडतात. निकाल कोणीं ठरविला, पैका कोणीं दिला, आंकडा कोणीं फुगविला, आणि घडलेली कोणती गोष्ट मागाहून पुसून टाकली? ह्या प्रश्नांचीं उत्तरें केवळ कंपनीच्या दप्तरावर विसंबून मिळणार नाहींत, हें दाखविणें हाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

(२) प्रथम नांवाचा अर्थ पाहूं. ‘पे-पर-व्ह्यू’ म्हणजे दर प्रयोगास वेगळें दर्शनमूल्य. केबलची मासिक वर्गणी भरणाऱ्या ग्राहकानें विशिष्ट रात्रीच्या प्रयोगासाठीं केबलवाल्याकडे मागणी नोंदवावयाची. मग त्याच्या घरच्या पेटींत येणारें विस्कटलेलें चित्र तेवढ्या वेळापुरतें सरळ करून दिलें जाई. मूल्य न देणाऱ्याच्या वांट्यास वेड्यावांकड्या रेघा येत. ह्याच्या आधीं सभागृहांत तिकीट लावून दूरचें दृश्य पडद्यावर दाखविण्याची रीत होती. नॉर्थ कॅरोलायनांतील ग्रीन्सबरो येथें ता. २४ नोव्हेंबर १९८३ रोजीं झालेला ‘स्टारकेड’ व न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्यें ता. ३१ मार्च १९८५ रोजीं झालेला पहिला ‘रेसलमेनिया’ हे मुख्यतः ह्याच रीतीनें दूरवर पोंचले. त्याच वर्षीं ता. ७ नोव्हेंबर रोजीं झालेला ‘द रेसलिंग क्लासिक’ हा व्हिन्सेंट मॅकमहन यांच्या वरील कंपनीचा पहिला पे-पर-व्ह्यू प्रयोग होय.

ह्या नव्या वाटेवर वर्चस्व कोणाचें, ह्याचा निर्णय ता. २६ नोव्हेंबर १९८७ रोजीं लागला. प्रतिस्पर्ध्यांचा ‘स्टारकेड’ शिकागो येथें ठरलेला असतां मॅकमहन यांनीं त्याच दिवशीं ओहायोंत ‘सर्व्हायव्हर सिरीज’ उभी केली आणि केबलवाल्यांस बजावलें कीं, त्या दिवशीं दुसऱ्याचा प्रयोग दाखविणारास पुढील रेसलमेनिया मिळणार नाहीं. बहुतेकांनीं मॅकमहन यांची बाजू धरली. हा डाव हौद्यांतला नव्हे, पण त्या वर्षींची खरी निकाली कुस्ती हीच. पुढें मे १९९५ मध्यें १४.९५ डॉलर मूल्याची ‘इन युअर हाउस’ ही माला निघाली व हे प्रयोग जवळजवळ दरमहा होऊं लागले.

कथानकाची घडणही ह्या मूल्यानेंच ठरविली. दर आठवड्याच्या फुकट प्रयोगांत वैर पेटावें, आव्हानें व्हावीं, झुंज मध्येंच मोडावी. निकाल मात्र दाम मोजलेल्या रात्रींच लागावा. कीर्तनाच्या भाषेंत सांगावयाचें तर पूर्वरंग फुकट व उत्तररंगास दाम, अशी ही मांडणी होती.

(३) आतां आंकड्यांकडे वळूं. ता. २९ मार्च १९८७ रोजीं मिशिगन राज्यांतील पॉन्टियाक सिल्व्हरडोम ह्या क्रीडागृहांत तिसरा रेसलमेनिया झाला. हल्क होगन व आन्द्रे यांची त्या रात्रींची झुंज ह्या खेळाच्या शौकिनांत पुराणकथेप्रमाणें सांगितली जाते. कंपनीनें प्रेक्षकसंख्या ९३,१७३ जाहीर केली. डेव्ह मेल्ट्झर ह्या वार्ताहरानें धंद्यांतील माहीतगारांच्या आधारें ती सुमारें ७८,००० असल्याचें लिहिलें. दोन साधनांत पंधरा हजार माणसांची तफावत आहे! बखरींत सैन्याची संख्या वाचतांना आपण जी सावधगिरी बाळगतों, तीच येथें लागू आहे. ९३,१७३ ह्या आंकड्यांतील शेवटचे तीन अंक पाहून तो मोजून काढलेला असावा असें वाटतें; पण आंकड्याची बारकाई हा त्याच्या खरेपणाचा पुरावा नव्हे.

त्याच रात्रींच्या कथेंतील आणखी दोन विधानें तपासण्याजोगीं आहेत. आन्द्रे पंधरा वर्षें अजिंक्य होता व त्यास आजवर कोणीं उचलून आपटलेलें नव्हतें, असें तेव्हां प्रेक्षकांस सांगण्यांत आलें. वास्तविक जून १९८६ मध्यें जपानांत आंतोनियो इनोकीनें त्यास शरण आणलें होतें. आणि न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्यें ऑगस्ट १९८० मध्यें त्यास उचलून आपटणारा मल्ल दुसरा कोणी नसून स्वतः होगनच होता. हीं दृश्यें चित्रित झालेलीं आहेत. कंपनीच्या बखरीनें मात्र आधीचा इतिहास कोरा धरला.

ह्याउलट त्या रात्रींचें एक साधन फार मोलाचें आहे. रँडी सॅव्हेज व रिकी स्टीमबोट यांच्यांतील सुमारें पंधरा मिनिटांची झुंज मीं कितीदां पाहिली असेल ह्याची गणती नाहीं. इतकी वेगवान व इतकी बांधेसूद रचना ह्या खेळांत क्वचित् आढळते. दोघांनींही तिचे डाव क्रमवार कागदावर लिहून काढून एकमेकांस पाठ म्हणून दाखविले होते, असें स्टीमबोटनें पुढें सांगितलें आहे. निकाल ठरलेला होता म्हणून ह्या मल्लांचे श्रम, तालीम व अंगावर घेतलेले आघात खोटे ठरत नाहींत. नाटकाची संहिता आधीं लिहिलेली असते म्हणून नटाच्या कलेचा इतिहास लिहूं नये, असें आपण म्हणत नाहीं.

मी अध्यापनाच्या सेवेंत असतां, १९९० नंतरच्या वर्षांत, मुलें वर्गांत ह्या मल्लांच्या चित्रांचे पत्ते खेळत. प्रत्येक पत्त्यावर उंची, वजन, छाती, लढलेल्या व जिंकलेल्या कुस्त्या यांचे आंकडे छापलेले असत. पत्ते परत करतांना ‘ह्या आंकड्यांस आधार काय?’ असें मी विचारीत असें. उत्तर कोणासही येत नसे. पण आधार विचारावयाचा असतो एवढें कांहींच्या लक्षांत राहिलें.

(४) ठरलेल्या निकालाच्या ह्या जगांत एकदां ठराव मोडला गेला, आणि तो प्रसंग साधनचिकित्सेच्या दृष्टीनें सर्वांत बोधप्रद आहे. ता. ९ नोव्हेंबर १९९७ रोजीं कॅनडांतील माँट्रियल येथें ‘सर्व्हायव्हर सिरीज’ झाली. अजिंक्यपद ब्रेट हार्टकडे होतें. तो लवकरच प्रतिस्पर्धी कंपनींत जाणार होता. परंतु स्वदेशांत, शॉन मायकेल्सकडून हार पत्करण्यास तो राजी नव्हता. झुंज निर्णयाविना मोडावी असें त्यास सांगण्यांत आलें. प्रत्यक्षांत मायकेल्सनें हार्टचाच आवडता पेंच त्याजवर घातला असतां, हार्ट शरण आलेला नसतांही मॅकमहन यांनीं घंटा वाजविण्याची आज्ञा केली, पंच अर्ल हेब्नर यानें त्याप्रमाणें केलें, व पद मायकेल्सकडे गेलें.

हा सर्व प्रकार खरा कीं तोही रचलेला, असा वाद पुढें माजला. त्यांत महत्त्वाचें समकालीन साधन म्हणजे पॉल जे यांनीं काढलेला व १९९८ मध्यें प्रसिद्ध झालेला ‘हिटमन हार्ट : रेसलिंग विथ शॅडोज’ हा माहितीपट. चित्रण करणारे लोक त्या दिवसांत हार्टबरोबरच होते व मॅकमहन यांच्याशीं झालेलें त्याचें संभाषण ध्वनिमुद्रित झालें होतें. मालकाच्या दप्तराबाहेरचा हा एक कागद उपलब्ध नसता, तर ह्या प्रसंगाविषयीं मालकाचेंच निवेदन प्रमाण मानण्याची पाळी आली असती.

(५) ह्यापुढील प्रसंग लिहितांना लेखणी जड होते. ता. २३ मे १९९९ रोजीं कॅन्सस सिटी येथें ‘ओव्हर दि एज’ नांवाचा पे-पर-व्ह्यू प्रयोग चालू होता. ब्रेटचा धाकटा भाऊ ओवेन हार्ट यास छतापासून दोरानें लटकत हौद्यांत उतरावयाचें होतें. बंधन सुटलें व तो सुमारें ७८ फूट उंचीवरून खालीं पडला. त्याच वेळीं घरच्या प्रेक्षकांस आधीं चित्रित केलेला भाग दाखविला जात असल्यामुळें त्यांना तें पडणें दिसलें नाहीं. हें कथानक नव्हे असें निवेदक जिम रॉस यांस पुनःपुन्हां सांगावें लागलें. कारण ज्या खेळांत सर्व वेदना रचलेली असते, तेथें खऱ्या वेदनेस साक्षीदाराची गरज पडते. थोड्या वेळानें प्रयोग पुढें चालू झाला. ओवेन मरण पावल्याचें रॉस यांनीं घरच्या प्रेक्षकांस कळविलें; क्रीडागृहांतील लोकांस मात्र तें तेथें सांगण्यांत आलें नाहीं. पुढें त्याची पत्नी मार्था हार्ट हिनें दावा लाविला व २००० सालीं १ कोटि ८० लक्ष डॉलरांवर तडजोड झाली.

ह्या प्रयोगाची चित्रफीत कंपनीनें विक्रीस काढली नाहीं. ता. २४ फेब्रुवारी २०१४ रोजीं तिनें स्वतःची दृश्यसेवा सुरू करून दरमहा ९.९९ डॉलरांत जुने प्रयोग खुले केले, तेव्हां हाही ग्रथित झाला; परंतु अपघाताविषयींचे भाग काढून आणि आरंभीं स्मरणपर शब्द घालून. मृत माणसाच्या कुटुंबाची मनःस्थिति पाहतां कांहीं गाळणें समजण्याजोगें आहे. तथापि त्या संग्रहांतील प्रतीवरूनच जो त्या रात्रीचा वृत्तांत लिहील, त्यास खेळ चालूच ठेवला गेला ह्या गोष्टीचें गांभीर्य कळणार नाहीं.

(६) पोथ्यांच्या संग्राहकांस हरताळाचा परिचय आहे. नको असलेल्या अक्षरांवर पिवळा लेप देऊन लेखक पुढें जातो. कधीं लेपाखालचें अक्षर अस्पष्ट वाचतांही येतें. ह्या चित्रफितींवरही हरताळ फिरला आहे. वन्यप्राणी-संरक्षणाच्या संस्थेशीं आद्याक्षरांबद्दल झालेल्या इंग्लंडांतील दाव्यामुळें मे २००२ मध्यें कंपनीनें आपलें नांव बदललें. त्यानंतर जुने प्रयोग पुन्हां प्रसिद्ध करतांना १९९७ च्या अखेरीपासूनचें जुनें बोधचिन्ह धूसर करण्यांत येई व निवेदकाच्या तोंडचीं तीं आद्याक्षरें गाळलीं जात. २०१२ मध्यें समेट होईपर्यंत हें चाललें. पुढें मार्च २०२१ मध्यें हा संग्रह अमेरिकेंत पीकॉक ह्या सेवेकडे गेला, तेव्हां १९९० च्या सहाव्या रेसलमेनियांतील रॉडी पायपरची झुंज वगळण्यांत आली. अर्धें अंग काळें रंगवून तो एका कृष्णवर्णी मल्लाशीं लढला होता. कृत्य निंद्य होतें ह्यांत वाद नाहीं. परंतु निंद्य कृत्याचा पुरावाच नाहींसा झाल्यास निंदा कशाच्या आधारें करावयाची?

ह्यांत आणखी एक भर पडली. मार्च २००१ मध्यें मॅकमहन यांच्या कंपनीनें आपला मुख्य प्रतिस्पर्धी, वर्ल्ड चॅम्पियनशिप रेसलिंग, विकत घेतला. त्याबरोबर चित्रफितींचा संग्रहही आला. पराभूताचें दप्तर विजेत्याच्या कोठारांत गेलें.

(७) तात्पर्य, ह्या विषयाच्या अभ्यासकानें अधिकृत संग्रहास एक प्रत मानावें, मूळ प्रत मानूं नये. प्रयोगाच्या रात्रीं घरोघर शौकिनांनीं मुद्रित केलेल्या व टपालानें एकमेकांस पाठविलेल्या चित्रफिती, त्या काळीं वर्गणीदारांस धाडलेलीं बातमीपत्रें, तिकिटें व जाहिराती, हीं समकालीन साधनें होत. त्यांतील पाठ अधिकृत पाठाशीं ताडून पाहिला, तरच प्रक्षेप व लोप कळून येतील.

आपल्याकडेही ह्या साधनांचा थोडा अंश आहे. १९९० नंतर केबलवरून हे प्रयोग कित्येक घरांत वेगळें मूल्य न भरतां पाहिले गेले व कोणीं कोणीं ते फितींवर उतरवून ठेवले. आपल्या दमट हवेंत ह्या फितींस बुरशी लागते, आणि त्या वाजविणारीं यंत्रें दुर्मिळ होत चाललीं आहेत. ज्यांच्या माळ्यावर अशी पेटी असेल त्यांनीं ती मोडींत घालण्यापूर्वीं फितींवरील चिठ्ठ्यांची यादी करावी, मुद्रणाचें वर्ष लिहून ठेवावें व शक्य त्या फितींच्या नकला करून घ्याव्या. पोथी जुनी असल्यामुळें नव्हे, तर दुसरी प्रत उरलेली नसल्यामुळें अमोल होते. इतकी विनंति करून हें टिपण येथेंच पुरें करतों.