आईचें आडनांव आणि मुलाचा पासपोर्ट

पंडिता रमाबाई १८८३ सालीं इंग्लंडास गेल्या, तेव्हां त्यांची कन्या मनोरमा जेमतेम दोन वर्षांची होती. आदल्याच वर्षीं तिचे वडील बिपिनबिहारी दास मेधावी पटकीच्या विकारानें वारले होते. आगबोटीवर चढतांना या मायलेकींपाशीं पासपोर्ट मागण्याचा रिवाज त्या काळीं नव्हता, आणि इंग्लंडच्या किनाऱ्यावर उतरतांनाही नव्हता. मागितला असता तर मोठीच पंचाईत झाली असती. रमाबाईंचें माहेरचें आडनांव डोंगरे. विवाहानें त्या मेधावी झाल्या. कलकत्त्याच्या विद्वानांनीं दिलेल्या 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या पुढें त्यांच्या नांवांतच मिसळून गेल्या. १८८७ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या इंग्रजी ग्रंथावर 'पंडिता रमाबाई सरस्वती' असेंच नांव आहे. ग्रंथावरील आईचें नांव एक आणि मुलीच्या पित्याचें उपनाम दुसरें.

आज अशी आई अशा मुलीस घेऊन परदेशच्या विमानतळावर उतरली, तर खिडकीआडचा अंमलदार दोन पासपोर्ट शेजारीं शेजारीं ठेवील, एकदां आडनांवांकडे व एकदां आईच्या तोंडाकडे पाहील, आणि विचारील, 'ही मुलगी आपलीच, याला कांहीं कागद आहे काय?' ज्या बाईनें नऊ महिने पोटांत वाढविलें तिला हा प्रश्न किती बोंचत असेल, हें सांगावयास नको. परंतु तो विचारणारा अंमलदार दुष्ट असतो असेंही नाहीं. मग हा प्रश्न आला कोठून, आणि त्याचा भार बहुधा आईवरच कां पडतो, हें इतिहासाच्या आधारें पाहावें असें आम्हांस वाटतें.

प्रथम आडनांवाचीच गोष्ट घेऊं. 'एक कुटुंब, एक आडनांव' हा जणूं सृष्टिनियमच आहे अशी आपली समजूत असते. वस्तुतः आपल्याच महाराष्ट्रांत वतनावरून, गांवावरून, धंद्यावरून आडनांवें पडलीं, आणि एकाच कुळाच्या एका शाखेस कुळकर्णी तर दुसरीस देशपांडे म्हणूं लागले. स्त्रियांचें तर पाळण्यांतलें नांवही कायम राहत नसे. डॉक्टर आनंदीबाई जोशी यांचें आडनांव माहेरीं आणि सासरीं जोशीच होतें. तरी कल्याणची यमुना लग्नानंतर आनंदी झाली. १८८६ सालीं त्यांच्या पदवीदान समारंभास रमाबाई मनोरमेसह फिलाडेल्फियास गेल्या, तेव्हां त्या दोघी विदुषींपैकीं एकीचेंही नांव जन्माच्या वेळचें उरलेलें नव्हतें.

तामीळ देशांत पित्याचें नांव मुलाच्या नांवास आद्याक्षर म्हणून जोडतात. पित्याचें आद्याक्षर आजोबांचें असतें. तेथें बापलेकांस समान असें 'शेवटचें नांव' मुळीं नसतेंच. आइसलंडांत जोनचा मुलगा जोनसन आणि मुलगी जोन्सदोत्तिर. म्हणजे बहीणभावांचींही शेवटचीं नांवें निराळीं. तेथें १९२५ सालच्या कायद्यानें नवीं कुलनामें घेण्यास बंदीच केली. स्पेनांत विवाहित स्त्री आपलें नांव सोडीत नाहीं, आणि मुलास आईबाप दोघांचींही आडनांवें मिळतात. आपल्या इकडून मॉरिशस, नाताळ, फिजी येथें गेलेल्या गिरमिटी मजुरांपाशीं सरकारी परवाना असे. त्यांत मजुराचें एकेरी नांव, बापाचें नांव, वय, जात, गांव आणि अंगावरच्या खुणा नोंदीत. आडनांवाचा रकाना त्या गरिबांच्या कामाचाच नव्हता. पुढें परदेशांत कोठें बापाचें, कोठें आजाचें एकेरी नांव हेंच नातवंडांचें आडनांव होऊन बसलें. सारांश, आडनांवावरून नातें ओळखावें हा नियम जगाच्या मोठ्या भागास कधींच लागू नव्हता.

मग पासपोर्टानें तो कसा उचलला? १९१४ पूर्वीं रशिया व तुर्कस्तान अशीं कांहीं राज्यें सोडलीं तर युरोपांत बहुतेक ठिकाणीं पासपोर्टाशिवाय हिंडतां येई. महायुद्धानें तें स्वातंत्र्य संपविलें. हेरांच्या भयानें लावलेले निर्बंध युद्ध संपल्यावरही उठले नाहींत. हिंदुस्थानांतही १९२० सालीं यासंबंधीं कायदा झाला. त्याच वर्षीं आक्टोबर महिन्यांत राष्ट्रसंघाच्या विद्यमानें पॅरिस येथें परिषद भरली, आणि पासपोर्टाचा सर्व राष्ट्रांस मान्य होईल असा नमुना ठरला. बत्तीस पानांचें पुस्तक, मजकूर देशभाषेंत आणि फ्रेंच भाषेंत. त्या पुस्तकांत धारकाच्या जोडीला पत्नीसाठीं जागा होती, पत्नीच्या छायाचित्रासाठीं चौकट होती, आणि त्याखालीं मुलांचीं नांवें, वयें व मुलगा कीं मुलगी हें लिहिण्यासाठीं ओळी होत्या.

या रचनेंतच सारें मर्म आहे. पासपोर्ट व्यक्तीचा नव्हता, गृहस्थाचा होता; बायको आणि मुलें हीं त्याच्या पुस्तकांतल्या नोंदी होत्या. मूल बापाच्या पुस्तकांत लिहिलेलें असल्यामुळें तें कोणाचें हा प्रश्नच उद्भवत नसे. मात्र अशा जोड पासपोर्टावर पतीस एकट्यानें प्रवास करतां येई, पत्नीस येत नसे. सोय होती ती घरधन्याची.

या व्यवस्थेस पहिला धक्का अमेरिकेंतील स्त्रियांनीं दिला. ल्यूसी स्टोन नांवाच्या बाईंनीं १८५५ सालीं लग्न केलें, पण नवऱ्याचें आडनांव घेण्याचें नाकारलें. त्यांच्या नांवानें रूथ हेल यांनीं १९२१ सालीं एक संघ काढला. हेलबाईंस स्वतःच्या नांवाचा पासपोर्ट हवा होता; सरकार त्यावर 'श्रीमती ब्राऊन' असें जोडल्याखेरीज तो देईना, आणि त्यांनीं तसा घेतला नाहीं. १९२५ सालीं डोरिस फ्लाइशमन या विवाहितेस माहेरच्या नांवाचा पासपोर्ट मिळाला. हेलबाईंचा मुलगा मात्र ब्राऊनच होता. पुस्तकावर एक आडनांव असलेली आई आणि दुसरें आडनांव असलेलें मूल ही जोडी अशा रीतीनें सरकारच्या दृष्टीपुढें उभी राहिली. स्त्रीनें स्वतःचें नांव राखलें तर तिचें मूल कागदावर परकें दिसूं लागे, आणि नांव सोडलें तर ती स्वतःच कागदावरून नाहींशी होई.

आमच्याकडे या पेंचाचें मूळ पालकत्वाच्या कायद्यांत होतें. १८५६ सालचा विधवाविवाहाचा कायदा आपण सुधारणेचा मोठा टप्पा मानतों, आणि तो होताही. परंतु त्याचें तिसरें कलम फारसें कोणी वाचीत नाहीं. विधवेनें पुनर्विवाह केला, आणि मृत पतीनें मृत्युपत्रानें कोणास पालक नेमलेलें नसलें, तर पतीच्या आईबापांस, आजाआजीस किंवा कोणाही पुरुष नातलगास मुलांवर दुसरा पालक नेमण्याविषयीं कोर्टाकडे अर्ज करतां येई. नेमणूक करतांना कोर्टानें कोणते नियम पाहावे? तर आईबाप दोन्ही नसलेल्या मुलांविषयींचे! आई डोळ्यांदेखत जिवंत. पण तिनें दुसरें घर केलें म्हणून मूल पोरकें समजावयाचें. आडनांव बदललें कीं मातृत्वही सैल होतें, ही कल्पना याहून उघडपणें क्वचितच मांडली गेली असेल.

पुढें १९५६ सालच्या हिंदु अज्ञानत्व व पालकत्व कायद्यानें अज्ञान मुलाचा स्वाभाविक पालक 'पिता, आणि त्याच्यानंतर माता' असा क्रम घातला. १९८४ सालीं इंग्रजींत लिहिणाऱ्या लेखिका गीता हरिहरन् यांनीं आपल्या अज्ञान मुलाच्या नांवें रोखे घेण्यासाठीं रिझर्व्ह बँकेकडे अर्ज केला, तेव्हां आईची सही पुरेशी नाहीं असें त्यांस कळविण्यांत आलें. वडील हयात होते, आणि अर्ज आईबापांनीं मिळून ठरवूनच केलेला होता! हा वाद सर्वोच्च न्यायालयांत गेला. १९९९ सालीं निकाल लागला कीं, 'त्याच्यानंतर' याचा अर्थ 'त्याच्या मृत्यूनंतर' एवढाच नसून 'त्याच्या अभावीं' असाही होतो. बाप मुलाचें पाहत नसेल, किंवा दोघांनीं तसें ठरविलें असेल, तर आई ही बापाच्या हयातींतही पालक होय.

पासपोर्टाच्या कचेरींत हें तत्त्व पोंचावयास आणखी कांहीं वर्षें लागलीं. एका आईनें एकटीनें वाढविलेल्या मुलीस पूर्वीं बापाच्या नांवाशिवाय पासपोर्ट मिळाला होता. पण नूतनीकरणाच्या वेळीं संगणकाचा अर्ज तें नांव भरल्यावांचून पुढें सरकेना. दिल्लीच्या उच्च न्यायालयानें २०१६ सालीं सांगितलें कीं, ही अट कायद्याची नव्हे, यंत्राची आहे. तेव्हां यंत्रच सुधारा. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत नियम बदलले. आईबापांपैकीं एकाचें किंवा पालकाचें नांव पुरेसें झालें. विवाहाच्या दाखल्याची सक्ती गेली. घटस्फोटितेस पूर्वपतीचें नांव लिहिण्याचें कारण उरलें नाहीं.

२०२२ सालीं सर्वोच्च न्यायालयापुढें आंध्र प्रदेशांतून एक प्रकरण आलें. पती वारल्यावर आईनें पुनर्विवाह केला होता, आणि मृत पतीच्या आईबापांनीं पालकत्वासाठीं अर्ज केला होता. १८५६ च्या तिसऱ्या कलमांतलेंच जणूं तें चित्र. उच्च न्यायालयानें मुलास पहिल्या पित्याचें आडनांव परत लावण्यास, आणि नव्या पतीची नोंद 'सावत्र पिता' अशी करण्यास सांगितलें होतें. सर्वोच्च न्यायालयानें तो हुकूम फिरविला. पित्याच्या पश्चात् आईच मुलाची स्वाभाविक पालक. मुलानें कोणतें आडनांव लावावें हें तीच ठरवील. आणि 'सावत्र' हा शिक्का कागदांवर मारणें मुलाच्या मनास क्रूरपणाचें होईल, असा तो निर्णय आहे. एकशें सहासष्ट वर्षांनीं त्या कलमास उत्तर मिळालें.

घरांत आईची बाजू अशी बळकट होत असतांना सीमेवर मात्र उलट घडलें. मुलांस आईबापांच्या पुस्तकांतून काढून स्वतंत्र पासपोर्ट देण्याची पद्धत आली. इंग्लंडांत ती १९९८ सालीं आली. युरोपीय संघांत २०१२ पासून आईबापांच्या पासपोर्टावरील मुलांच्या नोंदी निरुपयोगी ठरल्या. यंत्रानें वाचावयाच्या पानावर तळाशीं चव्वेचाळीस अक्षरांच्या दोन ओळी असतात. त्यांत आडनांव आहे, नांव आहे, आईबाप नाहींत. मूल स्वतंत्र झालें, हें चांगलेंच झालें. पण तें कोणाचें हें सांगणारी ओळ त्याबरोबर गेली, आणि अंमलदारापाशीं आडनांवाखेरीज खूण उरली नाहीं.

त्यांतच दुसरें एक भय वाढलें. विभक्त झालेल्या आईबापांपैकीं एकानें दुसऱ्याच्या नकळत मूल परदेशीं नेण्याचे प्रकार होऊं लागले, आणि त्यांस आळा घालण्यासाठीं १९८० सालीं हेग येथें आंतरराष्ट्रीय करार झाला. भारत त्यांत सामील झालेला नाहीं. असें मूल गमावलेल्या आईचें किंवा बापाचें दुःख मोठें असतें. तेव्हां सीमेवरील चौकशी मुळींच नको असें आम्ही म्हणणार नाहीं. आमचा आक्षेप आहे तो खुणेच्या निवडीवर. मूल पळविणाऱ्या बापाचें आणि त्या मुलाचें आडनांव बहुधा एकच असतें. तो खिडकीवरून सुखानें पुढें जातो, आणि माहेरचें नांव राखलेली किंवा पुनर्विवाह केलेली निरपराध आई अडकते. दक्षिण आफ्रिकेनें २०१५ सालीं प्रत्येक मुलासाठीं आईबापांचीं नांवें असलेला सविस्तर जन्मदाखला मागण्यास आरंभ केला. प्रवाशांची फार गैरसोय झाल्यामुळें तो नियम पुढें शिथिल करावा लागला. तरी आडनांवापेक्षां जन्माची नोंद पाहावी, ही त्यामागची दृष्टि अधिक न्यायाची होती.

या बाबतींत आमच्या देशाच्या पासपोर्टानें एक चांगला प्रघात पाळला होता. त्याच्या शेवटच्या पानावर अनेक वर्षें पित्याचें व मातेचें नांव छापलें जाई. २०१८ च्या जानेवारींत तें पान बंद करण्याचें जाहीर झालें, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस तो बेत सोडण्यांत आला. एकट्या आईवर बापाचें नांव लादूं नये हें खरें; परंतु मुलास ज्यानें किंवा जिनें वाढविलें त्याचें नांव मुलाच्या पासपोर्टावर असावें, हें आमचें मत आहे. महाराष्ट्र सरकारनें २०२४ सालीं ठरविलें कीं, त्या वर्षाच्या १ मे पासून जन्मलेल्या मुलांचें नांव सरकारी कागदांवर प्रथम मुलाचें, मग आईचें, मग बापाचें आणि शेवटीं आडनांव अशा क्रमानें लिहावें. आईचें नांव अशा रीतीनें मुलाच्या नांवांतच आलें, तर आडनांव कोणतेंही असलें तरी नातें दिसूं शकेल. अट एकच: आईच्या स्वतःच्या पासपोर्टावर जें नांव, तेंच मुलाच्या कागदांवर असावें. एकीकडे माहेरची यमुना आणि दुसरीकडे सासरची आनंदी राहिली, तर पुन्हां तोच घोळ.

तोंवर ज्यांस असा प्रवास करावयाचा आहे त्यांनीं मुलाचा आईबापांच्या नांवांसह जन्मदाखला, दुसऱ्या पालकाचें संमतिपत्र, आणि लागू असेल त्याप्रमाणें मृत्यूचा दाखला, कोर्टाचा हुकूम किंवा नांव बदलल्याचा पुरावा जवळ ठेवावा. अपमान वाटला तरी कागद दाखवावा. मूल शेजारीं उभें असतें, आणि आई काय करते हें तें पाहत असतें.

मनोरमाबाई १९२१ सालीं वारल्या, आणि पुढच्याच वर्षीं रमाबाई गेल्या. पॅरिसच्या परिषदेनें ठरविलेलें बत्तीस पानांचें पुस्तक तेव्हां नुकतेंच निघालें होतें. पतीच्या नांवाखालीं पत्नी आणि तिच्याखालीं मुलें लिहिण्याच्या त्या ओळींत विधवा आई आणि तिची एकुलती एक मुलगी यांस कोठें लिहावें, हें ठरविणाऱ्यांस सुचलें नव्हतें.