उकरलेल्या भूमीचें पुनर्जीवन

ओसाड गांवांतील घरें पुन्हा बांधतां येतात. परंतु त्यांत माणसें पुन्हा नांदूं लागणें ही गोष्ट निराळी. अमेरिकेंतील ॲपलेशियन डोंगरांत कोळशासाठीं उकरलेल्या जमिनीचा इतिहास हाच धडा देतो.

तो समजण्यासाठीं, श्रोतेहो, थोडें मागें गेलें पाहिजे. १८८५ सालीं जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ आल्बर्ट फ्रांक यांनीं वृक्षांच्या मुळांशीं असणाऱ्या बुरशीच्या सख्याला 'मायकोरायझा' हें नांव दिलें. बुरशी पाणी व क्षार पुरवते. वृक्ष तिला साखर देतो. पुढच्याच वर्षीं हेलरीगेल यांनीं शेंगावर्गी वनस्पतींच्या मुळांवरील गांठी हवेंतील नत्र मिळवून देतात, असें जाहीर केलें. आणि १८८८ मध्यें हॉलंडांत बायेरिंक यांनीं त्या गांठींतील जंतु वेगळे काढले. आपल्या शेतकऱ्यांना बेवडाचा गुण ठाऊक होताच; त्याचें कारण आतां हातीं लागलें.

परंतु जंतूंची दुसरी बाजूही आहे. कोळशाच्या थरांत लोह व गंधक यांचें 'पायराइट' नांवाचें खनिज असतें. तें उघडें पडलें कीं हवा-पाण्यानें त्यापासून आम्ल तयार होतें. १९४७ मध्यें कोल्मर व हिंकल यांनीं खाणींच्या आम्ल पाण्यांत लोहाच्या ऑक्सीकरणावर जगणारा जंतु दाखवून दिला. तो ही क्रिया कितीतरी वेगानें घडवून आणतो. खाणीनें रान मारलें, आणि मागाहून माजलेले जंतु नवें रान उगवूं देईनात!

१९७० नंतर डोनल्ड मार्क्स प्रभृति संशोधकांनीं पायसोलिथस ही बुरशी रोपवाटिकेंतच पाइनच्या मुळांवर वसवली. अशीं रोपें खाणींच्या आम्ल मातींतही तगूं लागलीं. ३ ऑगस्ट १९७७ रोजीं अध्यक्ष कार्टर यांनीं नव्या कायद्यावर सही केली: वरची माती राखून पुन्हा पसरावी, जमीन हिरवी करावी. हेतु उत्तम, पण माती घसरूं नये म्हणून जड यंत्रांनीं ती दाबली गेली व दाट गवत पेरलें गेलें. डोंगर हिरवे दिसले. वृक्षांना मात्र मुळें खोल घालतां येईनात. ढिगांत फार दिवस पडलेल्या मातींतील बुरशीही क्षीण होते. म्हणून २००४ पासून सरकारी यंत्रणा व वनशास्त्रज्ञ यांच्या एका उपक्रमानें किमान ४ फूट मोकळी माती ठेवून देशी वृक्ष लावण्याचा पुरस्कार केला.

वृक्षारोपण म्हणजे या अदृश्य प्रजेला अन्न घालणेंच होय. मुळांतून झिरपणारी साखर व गळणारा पाचोळा यांवर ती पोसते. जंतु लवकर परततात, बुरशीचें जाळें सावकाश विणलें जातें. म्हणूनच वरची हिरवळ पाहून भूमीचें ऋण फिटलें असें मानूं नये. त्याचा खरा हिशेब मातीच्या पोटांत, पिढ्यान्‌पिढ्या चालतो.