विष्णुपुरी

विष्णुपुरी : महाराष्ट्र राज्याच्या नांदेड जिल्ह्यातील गोदावरीकाठचे गाव. नांदेड शहराच्या दक्षिणेस सुमारे ८ किमी.वर, नदीच्या उजव्या तीरावर, नांदेड–लातूर रस्त्यालगत ते वसले आहे. काळेश्वर मंदिर, जलाशय व शैक्षणिक संस्था यांमुळे गावाला महत्त्व आले.

जलाशय : येथील बंधाऱ्यामुळे झालेल्या जलाशयाला माजी मुख्यमंत्री शंकरराव चव्हाण यांच्या नावावरून ‘शंकरसागर’ म्हणतात. पाणी उपसून उंचावरील लोहा–कंधार भागातील शेतीला देण्यासाठी हा उपसा सिंचन प्रकल्प उभारण्यात आला. नांदेड शहरालाही येथून पाणी मिळते. काळेश्वराचे मंदिर जलाशयाच्या काठी असून श्रावणी सोमवारी व महाशिवरात्रीला तेथे गर्दी होते. पावसाळ्यात बंधाऱ्याचे दरवाजे उघडले, की पाणी पाहायला शहरातील लोक येतात. पण ही सहल सकाळी येऊन संध्याकाळी परतण्याची.

शिक्षणसंस्था : येथील श्री गुरु गोबिंदसिंघजी अभियांत्रिकी व तंत्रज्ञान संस्था १९८१ मध्ये स्थापन झाली. मराठवाडा विद्यापीठाचे विभाजन होऊन १७ सप्टेंबर १९९४ रोजी स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ अस्तित्वात आले; नांदेड, लातूर, परभणी व हिंगोली हे जिल्हे त्याच्या कक्षेत येतात. डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व त्याचे रुग्णालयही पुढे शहरातून येथे हलले.

मुक्कामाची सोय : विष्णुपुरीत राहणारा बाहेरचा माणूस बहुधा पर्यटक नसतो, तो वसतिगृहातील विद्यार्थी किंवा रुग्णासोबत आलेला नातेवाईक असतो. त्यामुळे वसतिगृहे, भाड्याच्या खोल्या व खानावळी हीच इथली निवासव्यवस्था. यात्रेकरूंच्या मुक्कामाचे केंद्र पलीकडच्या तीरावर, तख्त सचखंड श्री हजूर साहिब या शीख गुरुद्वाऱ्याच्या परिसरात आहे. शिखांचे गुरु गोबिंदसिंघजी यांचे ७ ऑक्टोबर १७०८ रोजी नांदेडला देहावसान झाले, म्हणून हे यात्रास्थान बनले. तेथील गुरुद्वाऱ्याची यात्री निवासे आणि लंगर यांमुळे देशभरातील भाविकांची राहण्या-जेवणाची सोय होते.

यात्रेकरूंच्या या व्यवस्थेत अलीकडे तीन मोठे बदल झाले. गुरु ग्रंथ साहिबला गुरुपद दिल्याच्या म्हणजे ‘गुरु-ता-गद्दी’च्या ऑक्टोबर २००८ मधील त्रिशताब्दी सोहळ्यासाठी नांदेडचे रस्ते, घाट व विमानतळ यांचा कायापालट झाला. यात्रेकरूंच्या निवासाची क्षमताही वाढली. मार्च २०२० च्या टाळेबंदीत हजारो यात्रेकरू गुरुद्वारा परिसरातच अडकले. काही दिवसांसाठी बांधलेल्या खोल्यांत त्यांना महिनाभर काढावा लागला. एप्रिलअखेर ते बसगाड्यांनी पंजाबकडे परतू लागले. तिसरा बदल विमानसेवेचा. प्रादेशिक विमानसेवेच्या ‘उडान’ योजनेखाली एप्रिल २०१७ मध्ये नांदेड–हैदराबाद सेवा सुरू झाली, पुढे खंडित झाली आणि मार्च २०२४ अखेर शहर पुन्हा विमानमार्गांवर आले.

होला-मोहल्ला, दसरा व दिवाळी या काळात गुरुद्वारा परिसरातील निवासांवर सर्वाधिक ताण पडतो. विष्णुपुरीतील वर्दळीचे वेळापत्रक मात्र सणांपेक्षा प्रवेश, परीक्षा आणि रुग्णालयाच्या गरजेवर ठरते. लोहा तालुक्यातील माळेगावच्या खंडोबा यात्रेला नांदेडहून जाणारे लोकही नांदेड–लातूर रस्त्याने विष्णुपुरीवरून जातात. त्यांचा मुक्काम मात्र माळेगावात पडतो.

विष्णुपुरीस जवळचे मोठे रेल्वेस्थानक हजूर साहिब नांदेड हे आहे.