निघोज्याची डाय आणि खडकीची पुंगळी

खेड तालुक्यातलं निघोजे आज बाहेरच्या माणसाला भेटतं ते बहुधा कारखान्यांच्या पत्त्यात. २००९ मध्ये उद्घाटन झालेल्या फोक्सवॅगनच्या चाकण कारखान्याच्या पत्त्यात म्हाळुंगे आणि खराबवाडीच्या जोडीला निघोज्याचं नाव आहे. तिथल्या प्रेस शॉपमध्ये पत्र्याला आकार देते ती डाय, आणि पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यात डाय बनवणाऱ्या, घासणाऱ्या, दुरुस्त करणाऱ्या टूलरूम पसरल्या आहेत. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाची चूक पकडणं हे इथल्या कारागिराचं रोजचं काम. तरीही याच कौशल्याचा एक उपयोग या मुलखात कधी रुजला नाही. पिस्तुलाच्या काडतुसाची उडवलेली पितळी पुंगळी डायमधून काढून पुन्हा भरणं हा अमेरिकेत हौशी नेमबाजांचा जुना रिवाज आहे. आपल्याकडे तो का नाही, याचं उत्तर कौशल्याच्या कमतरतेत शोधलं तर हाती काही लागणार नाही. डाय होती, पितळ होतं, जाणते हातही होते. रिकामी पुंगळी मात्र आधी कायद्याने आणि मग कारखान्याच्या पद्धतीने सामान्य माणसाच्या हाती राहू दिली नाही.

पुण्याला काडतूस नवं नव्हतं. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा, म्हणजे या पट्ट्यात मोटार येण्याच्या कितीतरी आधीचा. १८५७ चा भडका उडाला तेव्हा काडतूस कागदाचं होतं. १८६६ मध्ये ब्रिटिश सैन्याने स्नायडर बंदुकीसाठी एडवर्ड बॉक्सर याचं धातूचं काडतूस घेतलं आणि पुढच्या काही दशकांत एकसंध पितळी पुंगळीने सगळ्यांना मागे टाकलं. ही पुंगळी कापून-जोडून होत नाही. साधारण सत्तर भाग तांबं आणि तीस भाग जस्त असलेल्या पितळाची चकती आधी वाटीसारखी दाबायची, मग एकाहून एक अरुंद डायमधून पंचाने ओढत लांब करायची. प्रत्येक ओढीनंतर पितळ कडक होतं, म्हणून ते तापवून नरम करायचं आणि पुन्हा ओढायचं. किती ओढ द्यायची, केव्हा थांबायचं, डायचं तोंड किती गोलसर ठेवायचं, हे सगळं चाकणच्या प्रेस शॉपमध्ये आजही विचारले जाणारेच प्रश्न. म्हणून खडकीतून थेट चाकणच्या टूलरूम निघाल्या असं मात्र म्हणता येणार नाही. मोटारींच्या डायची परंपरा बरीचशी टेल्कोसारख्या कारखान्यांतून आली, आणि टेल्कोने १९६६ मध्ये पुण्यात सुरुवात केली तीच यंत्रहत्यारं बनवण्यापासून. माझा दावा त्याहून लहान आहे: हे ज्ञान इथल्या मातीत नव्हतं, असं कुणी म्हणू नये.

आता पुन्हा भरण्याच्या डायकडे पाहू. गोळी उडते तेव्हा पुंगळी फुगून बंदुकीच्या चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसतं त्या पोकळीच्या, भिंतीला टेकते. तिला मूळ मापावर आणते ती पहिली डाय. दुसरी तोंड किंचित उघडते, तिसरी गोळी बसवून तोंड आवळते. निवडीचा खरा प्रश्न पहिलीपाशीच येतो. पोलादी डायला पुंगळीवर वंगण लागतं, टंगस्टन कार्बाइडचं कडं असलेल्या डायला सहसा लागत नाही. .३२ रिव्हॉल्व्हरची सरळ पुंगळी अशा कड्याला सोपी; ९ मिलिमीटरची पुंगळी तळाशी सुमारे ९.९ आणि तोंडाशी सुमारे ९.६५ मिलिमीटर, म्हणजे किंचित निमुळती, म्हणून तिथे कड्याचा आकार जपावा लागतो. अमेरिकेत जॉन बार्लोने १८८४ मध्ये आयडियल कंपनी काढून पुन्हा भरण्याचे हातचिमटे विकायला सुरुवात केली. १९४३ मध्ये कॅलिफोर्नियात फ्रेड हंटिंग्टनने आरसीबीएस कंपनीची सुरुवात केली ती .२२ च्या रिकाम्या पुंगळ्यांपासून गोळ्यांचं आवरण घडवणाऱ्या डायने. आणि डायच्या कड्याला लागणारं कार्बाइड आपल्या दापोडीत सँडविक एशिया कित्येक दशकं बनवत आली. साहित्याची वानवा इथे नव्हतीच.

मग अडलं कुठे? १८७८ च्या शस्त्र कायद्याने भारतीयाला शस्त्र बाळगायला परवाना लावला आणि युरोपियनांना सूट दिली. तो उघड भेदभाव होता, आणि काँग्रेसने त्याविरुद्ध वारंवार ठराव केले. स्वातंत्र्यानंतरच्या १९५९ च्या कायद्यात तो भेद नव्हता, परवाना मात्र राहिला. दारूगोळा बनवायलाही परवाना लागतोच. हा कायदा १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू झाला, आणि त्याच वर्षी १ ऑगस्टला औद्योगिक वसाहती उभारणारी एमआयडीसी स्थापन झाली होती. दोन महिन्यांच्या अंतराने एका हाताने डायला जमीन, पाणी, रस्ता मिळाला आणि दुसऱ्या हाताने तिच्या एका उपयोगाभोवतीचं कुंपण कायम राहिलं. लष्कर आणि पोलिसांच्या गोळीबार मैदानावर रिकाम्या पुंगळ्या मोजून जमा कराव्या लागतात. परवानाधारकाला वर्षाला किती काडतुसं मिळतील हे परवान्यावरच लिहिलेलं असतं. शिवाय पुंगळीची घडणही आड येते. लष्करी .३०३ च्या पुंगळीत बर्डन पद्धतीचा प्रायमर, म्हणजे ठिणगी देणारी टोपी, असे. त्याच्या खाली मधोमध एक भोक नसतं, बाजूला दोन असतात. जुना प्रायमर बाहेर ढकलणारी डायमधली मधली सुई तिथे निरुपयोगी ठरते.

यावर असं म्हणता येईल की आपल्याकडे नेमबाजीच कमी, आणि जी आहे ती .२२ ची; त्या काडतुसाच्या कडेतच स्फोटक मिश्रण असल्याने ते पुन्हा भरणं व्यवहारात जमत नाही. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या एशियाडमध्ये २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण जिंकलं ते .२२ नेच. आक्षेप वजनदार आहे, पण तो कारण आणि परिणाम उलटे धरतो. ९ मिलिमीटर नागरिकांना निषिद्ध, उरलं .३२, आणि त्याची काडतुसं येणार खडकीसारख्या सरकारी कारखान्यातून, मोजून. अशा चौकटीत मोठ्या बोअरचा खेळ वाढणार कसा? दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा: घरात काडतुसं भरली तर बंदूक फुटण्याचा धोका, आणि बेहिशेबी काडतुसांचा त्याहून मोठा. तो मला मान्य आहे, आणि १९५९ चा कायदा चुकला असं मी म्हणत नाही. पण शहाणपणाने घातलेली बंदीसुद्धा बंदीच असते. तिच्यामुळे जे घडलं नाही त्याचा दोष कारागिराच्या माथी मारता येत नाही.

आणि स्वतःच्या हाताने बार भरणं आपल्या स्वभावात नाही, असं ज्यांना वाटतं त्यांनी कोकणाकडे पाहावं. रत्नागिरी-सिंधुदुर्गात रानडुकरं आणि वानरांपासून पीक राखण्यासाठी शेतकऱ्यांना ठासणीच्या बंदुकीचे परवाने मिळत आले. तिथे प्रत्येक बार तो शेतकरीच भरतो: दारू ओततो, छर्रे टाकतो, गजाने ठासतो. त्या बंदुकीला पुंगळीच नाही, म्हणून डायही लागत नाही.