विहारचे पाणी आणि घर्षणाचा हिशेब

1854 साली मुंबईत पाण्याची तीव्र टंचाई पडली. विहिरी आणि तलाव यांवर वाढत्या शहराची तहान भागेना. तेव्हा हेन्री कॉनिबिअर या अभियंत्याच्या योजनेनुसार 1856 मध्ये साष्टीत मिठी नदीवर विहार तलावाचे काम सुरू झाले आणि 1860 मध्ये ते पाणी बिडाच्या नळाने मुंबईत आले.

हे पाणी केवळ उतारावर वाहत येई. तलावाची पातळी शहराच्या सखल भागापेक्षा सुमारे 55 मीटर उंच होती. ही उंची म्हणजे पाण्याजवळचे भांडवल. त्यातील काही भाग वाटेत नळाच्या घर्षणापायी खर्च होतो. तो किती?

युलियस वाइसबाख या जर्मन शास्त्रज्ञाने 1845 मध्ये याचे सूत्र मांडले. उंचीतील ही घट नळाच्या लांबीच्या आणि वेगाच्या वर्गाच्या सम प्रमाणात, तर व्यासाच्या व्यस्त प्रमाणात असते. शिवाय एक घर्षणांक लागतो. नळाच्या आतल्या खडबडीतपणाचा घर्षणाशी संबंध नाही, असे जुने अभियंते मानत. फ्रान्समधील आँरी दार्सी यांनी नव्या-जुन्या नळांवर प्रयोग करून ही समजूत खोडून काढली. त्यांचा ग्रंथ निघाला 1857 मध्ये, म्हणजे विहारचे काम चालू असताना!

आता हिशेब करू. नळ 25 किलोमीटर लांब, 81 सेंटिमीटर व्यासाचा आणि रोजचे पाणी 3.2 कोटी लिटर धरू. वेग येतो सेकंदाला सुमारे 0.7 मीटर. नव्या नळाचा घर्षणांक 0.02 घेतल्यास 16 मीटर उंची खर्च होते. नळ आतून गंजला आणि घर्षणांक दुप्पट झाला, की 32 मीटर. मग शहरासाठी उरतात जेमतेम 23 मीटर! निम्म्या व्यासाच्या नळातून तेवढेच पाणी आणायचे, तर वेग चौपट आणि घर्षण 32 पट होईल. त्यासाठी 500 मीटरहून अधिक उंची हवी. एवढा उंच डोंगर साष्टीत नाही.

लालबाग-परळच्या चाळींत पाण्याच्या वेळी सगळे नळ एकदम उघडले, की वरच्या मजल्यावरची धार बारीक होते आणि खालच्या बिऱ्हाडांशी भांडण जुंपते. सामाईक नळातील वेग दुप्पट झाला, तर घर्षण किती पट होईल, हे विद्यार्थ्यांना काढायला सांगावे. चौपट, हे उत्तर आले की भांडणाचे मूळ शेजाऱ्यात शोधायचे की नळाच्या व्यासात, यावर वर्गात चर्चा घ्यावी.