ई-मेलचे कूटलेखन : परिचितांसाठी कार्यशाळा कशी घ्यावी

पाठवणारा आणि घेणारा या दोघांखेरीज कोणालाही वाचता येऊ नये, अशा रीतीने ई-मेलच्या मजकुराचे रूपांतर करण्याच्या क्रियेला कूटलेखन किंवा एन्क्रिप्शन म्हणतात. सामान्य माणसासाठी ही सोय तीस वर्षांहून अधिक काळ विनामूल्य उपलब्ध आहे, तरीही ती वापरणारे थोडेच. याचे एक मोठे कारण असे, की ही विद्या एकट्याने शिकून भागत नाही. कुलूप घालून पत्र पाठवायचे, तर ते उघडू शकणारा दुसरा माणूस हवा. म्हणून वाचनालयाच्या खोलीत, मंडळाच्या कार्यालयात किंवा कोणाच्या घरी आठ-दहा परिचितांनी एकत्र बसून ती शिकणे हा सर्वांत व्यवहार्य मार्ग ठरतो. अशी कार्यशाळा घेऊ इच्छिणाऱ्यांसाठी आवश्यक माहिती येथे एकत्र दिली आहे.

ई-मेल कितपत उघडा असतो?

आज बहुतेक मोठ्या ई-मेल सेवा एका सर्व्हरकडून दुसऱ्या सर्व्हरकडे जाताना मजकूर झाकतात. टपालाची थैली वाटेत शिवलेली असावी, तशी ही व्यवस्था आहे. मात्र प्रत्येक टपाल कचेरीत थैली उघडली जाते आणि आतली पोस्टकार्डे तेथे वाचता येतात. सेवा पुरवणारी कंपनी, कार्यालयातील ई-मेल यंत्रणेचा व्यवस्थापक आणि आपला पासवर्ड हस्तगत करणारा भामटा या तिघांनाही जुना पत्रव्यवहार खुला असतो. टोकापासून टोकापर्यंतच्या कूटलेखनात मजकूर आपल्या संगणकावर बंद होतो आणि थेट समोरच्याच्या संगणकावर उघडतो.

याची गरज हेरांनाच असते असे नाही. वैद्यकीय अहवाल, वकिलाशी चाललेला पत्रव्यवहार, संस्थेतील गैरव्यवहाराची तक्रार, वार्ताहराकडे सोपवायची कागदपत्रे, गावाकडील वडिलोपार्जित मिळकतीचे दस्त परराज्यातील भावंडांना पाठवणे, असे कितीतरी प्रसंग साध्या कुटुंबातही येतात.

एका गुपितापासून दोन किल्ल्यांपर्यंत

मराठी वाचकाला गुप्त लेखन अपरिचित नाही. महानुभाव पंथीयांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले आणि शतकानुशतके ते पंथाबाहेर वाचले गेले नाहीत. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपीची उकल केली, तेव्हा प्राचीन मराठी गद्याचे एक मोठे दालन अभ्यासकांना खुले झाले. या पद्धतीत लिहिणारा आणि वाचणारा एकच गुपित वापरतात. ते एकदा बाहेर पडले की सारेच ग्रंथ उघडे होतात. शिवाय दूरच्या माणसाला ते गुपित सुरक्षितपणे पोहोचवायचे कसे, हा प्रश्न उरतोच.

या प्रश्नाचे उत्तर १९७६ साली व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधातून पुढे आले. प्रत्येकाकडे दोन किल्ल्यांची जोडी असावी, अशी ती कल्पना होती. सार्वजनिक किल्लीने मजकूर फक्त बंद करता येतो, म्हणून ती कोणालाही द्यावी. खासगी किल्लीने तो उघडतो, म्हणून ती कोणालाही देऊ नये. पुढच्याच वर्षी रॉन रिव्हेस्ट, आदी शमीर आणि लिओनार्ड एडलमन यांनी ही कल्पना प्रत्यक्षात आणणारी गणिती रीत तयार केली. तिलाच आरएसए म्हणतात.

१९९१ साली फिल झिमरमन या अमेरिकी प्रोग्रॅमरने ‘पीजीपी’ हे सॉफ्टवेअर विनामूल्य उपलब्ध करून दिले. त्या काळी अमेरिकेत प्रभावी कूटलेखनाची गणना युद्धसामग्रीत होत असल्याने निर्यातबंदी मोडल्याच्या संशयावरून झिमरमन यांची चौकशी सुरू झाली. १९९६ साली ती आरोपपत्राविना थांबली. १९९९ साली ‘ग्नूपीजी’ या मुक्त सॉफ्टवेअरची पहिली पूर्ण आवृत्ती आली. २०२० पासून ‘थंडरबर्ड’ या विनामूल्य ई-मेल सॉफ्टवेअरमध्येच ही सोय अंतर्भूत आहे. नवशिक्यांच्या कार्यशाळेसाठी थंडरबर्ड सोयीचे पडते.

शिकवणे अवघड का जाते?

१९९९ साली अल्मा व्हिटन आणि जे. डी. टायगर या संशोधकांनी पीजीपीची एक चाचणी प्रसिद्ध केली. ई-मेल वापरण्याची सवय असलेल्या १२ जणांना ९० मिनिटे देण्यात आली होती. मजकूर बिनचूक कुलूपबंद करून पाठवणे त्यांपैकी एक तृतीयांश लोकांनाच जमले. तिघांनी तर गुप्त ठेवायचा मजकूर नकळत उघडाच पाठवून दिला. अनेकांनी पत्र घेणाऱ्याच्या किल्लीऐवजी स्वतःच्याच किल्लीने बंद केले. शिकवणाऱ्याने ही शेवटची चूक ध्यानात ठेवावी. आजही नवशिक्याचा गोंधळ बहुधा तेथेच होतो.

दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. एडवर्ड स्नोडेन यांनी डिसेंबर २०१२ मध्ये ग्लेन ग्रीनवाल्ड या पत्रकाराशी निनावी संपर्क साधला आणि कूटलेखन सुरू करण्याची विनंती केली. ग्रीनवाल्ड यांना ते किचकट वाटले. स्नोडेन यांनी टप्प्याटप्प्याने समजावणारी चित्रफीत तयार करून पाठवली, तरीही ते काम लांबणीवर पडले. अखेर जानेवारी २०१३ मध्ये त्यांनी माहितीपटकार लॉरा पॉइट्रस यांच्याकडे मोर्चा वळवला, कारण त्यांना हे तंत्र आधीपासून अवगत होते. पाळत प्रकरणाच्या बातम्या जून २०१३ मध्ये जगासमोर आल्या. त्याच डिसेंबरात स्नोडेन यांनी होनोलुलू येथे स्थानिक लोकांसाठी अशीच एक कार्यशाळा भरवली होती. ‘क्रिप्टोपार्टी’ या नावाने ओळखला जाणारा हा उपक्रम त्याच वर्षी ऑस्ट्रेलियातून सुरू झाला होता. चित्रफीत पाठवून जे साधले नाही, ते शेजारी बसून साधते, हा या प्रकारच्या बैठकांमागचा विचार आहे.

पूर्वतयारी

उपस्थितांची संख्या सम ठेवावी, कारण सारा सराव जोडीने करायचा असतो. चार जणांमागे एक जाणकार मदतनीस असावा. प्रत्येकाने लॅपटॉप आणि मोबाइल दोन्ही आणावेत, आपल्या ई-मेलचा पासवर्ड आधीच तपासून यावे आणि थंडरबर्ड घरूनच उतरवून घ्यावे. विसरलेल्या पासवर्डमुळे वाया जाणारा वेळ इतर कोणत्याही अडचणीपेक्षा जास्त असतो. प्रत्येकासाठी एक रिकामा पेनड्राइव्ह आणि कागदाची चिठ्ठी हवी. केवळ मोबाइल असणाऱ्यांसाठी अँड्रॉइडवर ‘के-नाइन मेल’ आणि ‘ओपनकीचेन’ ही जोडी आहे. मात्र पहिला धडा संगणकावरच द्यावा.

बैठकीचा क्रम

१. *कुलूप आणि डबा.* आरंभी संगणक बंद ठेवावेत. किल्लीशिवाय दाबून लावता येणारे कुलूप आणि कडी असलेला पत्र्याचा डबा आणावा. एकाने आपले उघडे कुलूप दुसऱ्याला द्यावे, दुसऱ्याने डब्यात चिठ्ठी ठेवून ते लावावे. आता लावणाऱ्यालाही डबा उघडता येत नाही. उघडे कुलूप म्हणजे सार्वजनिक किल्ली, आणि खिशातली किल्ली म्हणजे खासगी किल्ली. ‘ज्याला पत्र लिहायचे, त्याचे कुलूप’ हे सूत्र प्रत्येकाच्या तोंडून वदवून घ्यावे.

२. *किल्ल्यांची जोडी.* थंडरबर्डच्या खाते-मांडणीतील टोकापासून टोकापर्यंतच्या कूटलेखनाच्या विभागात नवी जोडी तयार करता येते. सॉफ्टवेअर स्वतःहून तीन वर्षांची मुदत सुचवते; ती पुढे वाढवता येते. याच वेळी थंडरबर्डचा मुख्य पासवर्ड ठरवावा, अन्यथा संगणक हाती लागणाऱ्याला किल्लीही मिळते. त्यासाठी एकमेकांशी संबंध नसलेले सहा-सात शब्द घ्यावेत. प्रसिद्ध अभंगाची किंवा गाण्याची ओळ टाळावी, कारण ती अंदाजाने शोधता येते. कळफलक बदलला तरी टंकित करता यावा म्हणून तो रोमन लिपीत ठेवणे बरे.

३. *राखीव प्रत.* खासगी किल्लीची प्रत पेनड्राइव्हवर घ्यावी आणि पेनड्राइव्ह घरी कपाटात ठेवावा. ही पायरी ‘नंतर करू’ म्हणून सोडू नये. संगणक बिघडला आणि प्रत नसली, तर आलेली सारी कुलूपबंद पत्रे कायमची मिटतात. पासवर्ड विसरल्यास नवा देणारी कोणतीही कंपनी येथे नसते.

४. *ठसा पडताळणे.* जोडीदारांनी एकमेकांना सार्वजनिक किल्ली ई-मेलने पाठवावी. ती खरोखर त्याच व्यक्तीची आहे, हे तिच्या ठशावरून कळते. सध्या रूढ असलेल्या बहुतेक किल्ल्यांचा ठसा ४० अंकाक्षरांचा असतो. एकाने चार-चारच्या गटांनी मोठ्याने वाचावा, दुसऱ्याने पडद्यावर पाहून ताडावा आणि मगच ‘प्रत्यक्ष पडताळले’ हा पर्याय निवडावा. तोतयाने पाठवलेली किल्ली ओळखण्याचा हाच खात्रीचा उपाय आहे आणि समोरासमोर बसल्यामुळे तो सहज साधतो.

५. *पहिले पत्र.* दोन-चार ओळींचे मराठी पत्र कुलूपबंद करून पाठवावे. देवनागरी मजकूर जसाच्या तसा पोहोचतो. ते वाचून झाल्यावर तोच ई-मेल ब्राउझरमधून, म्हणजे ई-मेल सेवेच्या संकेतस्थळावर, उघडून पाहावा. तेथे निरर्थक अक्षरांची जोडफाइल तेवढी दिसते. कंपनीला काय दिसते, याचा बोध कोणत्याही व्याख्यानापेक्षा या एका दृश्याने होतो.

६. *जाणूनबुजून चूक.* ज्याची किल्ली आपल्याकडे नाही, अशा व्यक्तीला कुलूपबंद पत्र पाठवण्याचा प्रयत्न करावा. सॉफ्टवेअर अडवते आणि किल्ली मागते. अशा वेळी घाईने कूटलेखन बंद करून पत्र उघडे पाठवू नये, हे येथेच बजावावे.

घरी सरावासाठी जोडीदार नसेल, तर ‘फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन’ने २०१४ साली प्रसिद्ध केलेली ‘ई-मेल सेल्फ-डिफेन्स’ ही मार्गदर्शिका उपयोगी पडते. तिच्यात ‘एडवर्ड’ नावाचा स्वयंचलित प्रोग्रॅम शिकणाऱ्याच्या पत्रांना उत्तरे देतो.

काय झाकले जात नाही

मर्यादा न सांगता शिकवणे धोक्याचे आहे. कोणी, कोणाला, केव्हा पत्र पाठवले, हे कूटलेखनाने लपत नाही. विषयाची ओळ मूळ पद्धतीत उघडीच राहते. थंडरबर्ड ती झाकते, परंतु सर्वच सॉफ्टवेअर तसे करत नाहीत. म्हणून विषयात नावे किंवा तपशील लिहू नयेत. खासगी किल्ली आणि तिचा पासवर्ड दोन्ही परक्याच्या हाती पडले, तर त्या किल्लीने बंद झालेली जुनी पत्रेही उघडतात. समोरच्याने मजकूर पुढे पाठवला, तर कोणतेही गणित त्याला अडवू शकत नाही. मे २०१८ मध्ये ‘ईफेल’ नावाने उघड झालेल्या त्रुटींनी असेही दाखवले, की सजावटयुक्त ई-मेल आणि बाहेरून येणारी चित्रे यांच्या आधारे उघडलेला मजकूर चोरता येऊ शकतो. त्यामुळे सॉफ्टवेअर अद्ययावत ठेवावे आणि बाहेरील चित्रे आपोआप उघडू देऊ नयेत. रोजच्या गप्पांसाठी ‘सिग्नल’सारखे साधन अधिक सोपे आहे, ई-मेलचे कूटलेखन प्रामुख्याने कागदपत्रे आणि जपून ठेवायचा पत्रव्यवहार यांसाठी वापरावे.

कायद्याची बाजू

‘हे कायदेशीर आहे का?’ हा प्रश्न उपस्थितांपैकी कोणीतरी विचारतोच. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मध्ये खासगी ई-मेलच्या कूटलेखनावर बंदी नाही. मात्र कलम ६९ नुसार राष्ट्रीय सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था, गुन्ह्याचा तपास अशा कारणांसाठी अधिकृत यंत्रणा मजकूर उघडून देण्याचा आदेश देऊ शकते. तो न पाळल्यास सात वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. सप्टेंबर २०१५ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय कूटलेखन धोरणाचा मसुदा प्रसिद्ध केला होता. कुलूपबंद संदेशांची साधी प्रत ९० दिवस जपून ठेवण्याची अट त्यात होती. टीकेनंतर तो लगेच मागे घेण्यात आला. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ सदस्यीय घटनापीठाने पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा दिला.

कार्यशाळेनंतर

एका बैठकीत शिकलेले आठवडाभरात विस्मरणात जाते. म्हणून समारोपापूर्वीच दुसऱ्या बैठकीचा दिवस ठरवावा आणि दरम्यान प्रत्येकाने निदान दोघांना कुलूपबंद पत्र लिहावे. त्यात गुपित काही नसले तरी चालेल. क्षेमकुशल, पाककृती, सहलीचा बेत असा साधा मजकूरही कुलूपबंद जाऊ लागला, की हात सरावतो आणि खरोखर नाजूक असलेले एखादे पत्र इतरांत उठून दिसत नाही. दुसऱ्या बैठकीत नवे काही शिकवू नये. ज्याला आठवडाभरात पत्र उघडता आले नाही, त्याच्या शेजारी बसून सुरुवात करावी, आणि प्रत्येकाच्या राखीव प्रतीतून किल्ली खरोखर परत मिळते की नाही, हे तपासून पाहावे.